आभासी यंत्राचा इतिहास : टंचाईतून उपजलेली सोय आणि तिच्या मालकीचा प्रश्न

प्रस्तावना

महाविद्यालयीन संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘व्हर्च्युअल मशिन’ अर्थात आभासी यंत्र हा घटक बहुधा ‘क्लाउड कॉम्प्युटिंग’ या प्रकरणाच्या आरंभी येतो. दोन-तीन पानांत व्याख्या, प्रकार आणि फायदे सांगून क्रमिक पुस्तक पुढे सरकते. परिणामी ही कल्पना एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अमेरिकेतील एखाद्या कंपनीने शोधून काढली असावी, अशी समजूत विद्यार्थ्यांमध्ये आणि पुष्कळदा अध्यापकांमध्येही आढळते. वस्तुस्थिती तशी नाही. आभासी यंत्राची मूळ रचना १९६४ सालच्या अखेरच्या आठवड्यात मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे आखली गेली आणि १९६७ च्या जानेवारीत ती नित्य वापरात आली. म्हणजे क्रमिक पुस्तकातील ‘अद्ययावत’ तंत्रज्ञानाने पन्नाशी केव्हाच ओलांडली आहे.

केवळ कालगणनेची दुरुस्ती करणे एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू नाही. हे तंत्र ज्या संस्थेत जन्मले त्या संस्थेलाच ते नको होते. ते टिकले ते प्रामुख्याने वापरकर्त्यांच्या आग्रहामुळे. आणि ज्या ज्या वेळी ते यशस्वी झाले त्या त्या वेळी त्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न उपस्थित झाला. आपल्या महाविद्यालयांचे निकाल, ग्रंथालयाच्या नोंदी, प्रवेशप्रक्रिया आणि प्रात्यक्षिके आज याच यंत्रांवर चालत असल्याने तो प्रश्न परका राहिलेला नाही. विवेचनासाठी रॉबर्ट क्रीझी यांचा १९८१ चा लेख, मेलिंडा व्हेरियन यांनी सिद्ध केलेला व्हीएम समुदायाचा इतिहास आणि संबंधित शोधनिबंध यांचा मुख्यत्वे आधार घेतला आहे.

‘आभासी’ या शब्दाविषयी

मराठीत ‘व्हर्च्युअल’साठी ‘आभासी’ हा शब्द रूढ झाला तो भौतिकशास्त्राच्या वाटेने. सपाट आरशातील प्रतिमा पडद्यावर घेता येत नाही, म्हणून ती आभासी, हे शालेय पाठ्यपुस्तकातून प्रत्येकाने वाचलेले असते. प्रकाशशास्त्रात हा शब्द चपखल आहे. संगणकाच्या बाबतीत मात्र तो काहीसा दिशाभूल करणारा ठरतो. आभास म्हणजे जे नाही ते असल्यासारखे वाटणे. आभासी यंत्र खरोखरीचे गणित करते, खरोखरीची विदा साठवते आणि महिनाअखेर त्याचे देयकही खरोखरीचेच येते! ते ‘नसते’ असे नाही. ते स्वतंत्र धातूच्या पेटीच्या रूपात नसते, इतकेच. ‘कार्यतः यंत्र’ असा अर्थ मूळ इंग्रजी शब्दात अभिप्रेत आहे.

या शब्दामुळे आणखी एक गल्लत होते. केंद्र सरकारच्या माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय शिक्षण अभियानाखाली आयआयटी दिल्लीच्या पुढाकाराने उभा राहिलेला आणि ज्यात आयआयटी मुंबई व पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय सहभागी आहेत असा ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ प्रकल्प, ऑनलाइन वर्ग आणि आभासी यंत्रे या तिन्ही गोष्टी एकाच नावाखाली मोडल्या जातात. व्हर्च्युअल लॅबमध्ये प्रयोगाचे अनुकरण असते किंवा दूरस्थ उपकरण चालविले जाते. ऑनलाइन वर्ग हा संपर्काचा प्रकार आहे. आभासी यंत्र हे या दोहोंच्या तळाशी असलेले बांधकाम होय. प्रस्तुत विवेचन त्या तळाविषयी आहे.

सामाईक वेळेचा शोध

१९५० च्या दशकाअखेर संगणक वापरणे म्हणजे छिद्रित पत्रांचा गठ्ठा खिडकीतून आत देणे आणि काही तासांनी, प्रसंगी दुसऱ्या दिवशी, छापील कागद परत घेणे असे होते. एक स्वल्पविराम चुकला की दिवस वाया. यंत्र अतिशय महाग असल्याने यंत्राचा क्षणही रिकामा जाऊ नये, माणसाचा गेला तरी चालेल, असा हा हिशेब होता. एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या सीटीएसएस या प्रणालीने तो उलटा केला. १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये तिचे प्रात्यक्षिक झाले. अनेक व्यक्ती आपापल्या टंकयंत्रासारख्या टर्मिनलवर बसत आणि एकच संगणक आळीपाळीने प्रत्येकाकडे इतक्या त्वरेने लक्ष पुरवी की यंत्र आपलेच आहे असे प्रत्येकास वाटे. ‘टाइम-शेअरिंग’ ते हेच. १९६२ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात कार्यान्वित झालेल्या अ‍ॅटलस संगणकाने दुसरा धागा पुरविला. मुख्य मेमरी अपुरी असली तरी ड्रमवरील जागा तिच्यात बेमालूम मिसळून मोठी मेमरी उपलब्ध असल्यासारखे काम करता येते, हे त्याने दाखवून दिले.

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली. व्यापारी दृष्ट्या ही घोषणा युगप्रवर्तक ठरली. परंतु टाइम-शेअरिंगसाठी निकडीची असलेली पत्ता-रूपांतराची यंत्रणा तिच्यात नव्हती. एमआयटीच्या ‘प्रोजेक्ट मॅक’ला नेमकी तीच हवी होती. त्यामुळे आपल्या भावी प्रणालीसाठी, म्हणजे मल्टिक्ससाठी, एमआयटीने जनरल इलेक्ट्रिकचे यंत्र पसंत केले. आयबीएमला हा मोठा धक्का होता. प्रोजेक्ट मॅक ज्या इमारतीत होता त्याच इमारतीत, ५४५ टेक्नॉलॉजी स्क्वेअर येथे, नॉर्मन रासमुसेन यांनी नुकतेच आयबीएमचे केंब्रिज सायंटिफिक सेंटर सुरू केले होते. एमआयटीशी सख्य राखणे हेच त्याचे काम; आणि ते सख्य तर सुटत चाललेले. या पराभवाच्या छायेतच रॉबर्ट क्रीझी, लेस कोमो आणि त्यांचे मोजके सहकारी कामाला लागले.

क्रीझी स्वतः सीटीएसएसवर काम करून आले होते. सगळ्या वापरकर्त्यांना सांभाळणारी एकच अवाढव्य प्रणाली लिहू गेल्यास ती गुंतागुंतीने कोसळते, याची त्यांना जाणीव असावी. त्यांनी काम दोन भागांत तोडले. पहिला भाग नियंत्रक प्रोग्रामचा. त्याने एकच गोष्ट करायची : प्रत्येक वापरकर्त्यास सिस्टिम/३६० ची एक हुबेहूब प्रत देणे. तिच्यात प्रोसेसर आहे, मेमरी आहे, पत्रवाचक आणि मुद्रक आहे. सर्व काही नियमपुस्तिकेत लिहिल्याबरहुकूम. दुसरा भाग त्या प्रतीवर चालणाऱ्या, एकाच माणसासाठी लिहिलेल्या साध्या ऑपरेटिंग सिस्टिमचा. पहिल्याला सीपी आणि दुसऱ्याला सीएमएस हे नाव मिळाले. पुण्यातील जुन्या वाड्यांत जशी बिऱ्हाडे असत तसाच हा प्रकार होय. प्रत्येकाची चूल निराळी, प्रत्येकाचा संसार निराळा. विहीर आणि दिंडीदरवाजा मात्र एकच, आणि त्यांच्यावर देखरेख घरमालकाची. शेजारच्या बिऱ्हाडात काय शिजते याच्याशी कोणाला कर्तव्य नाही.

त्यासाठी सिस्टिम/३६० च्या मॉडेल ४० मध्ये पत्ता-रूपांतराची खास जोडणी बसविण्यात आली. या सीपी-४० वर एकाच वेळी चौदा आभासी यंत्रे चालत व प्रत्येकास २५६ किलोबाइट मेमरी मिळे. आज मोबाइलमधील एक छायाचित्रही त्यात मावणार नाही, हा भाग अलाहिदा. महत्त्वाचे हे की हे यंत्र बनविताना वरच्या प्रोग्रामला काहीही सांगावे लागले नाही. आपण खऱ्या यंत्रावर आहोत की प्रतीवर, हे त्याला कळण्याचे कारणच नव्हते.

अधिकृत प्रणाली आणि अनधिकृत यश

एमआयटीची नाराजी पाहून आयबीएमने टाइम-शेअरिंगसाठी सिस्टिम/३६० चे मॉडेल ६७ आणि त्यावर चालणारी टीएसएस/३६० ही अधिकृत प्रणाली जाहीर केली होती. तिच्यावर प्रचंड मनुष्यबळ लावण्यात आले. ती वेळेवर आली नाही. आली तेव्हा संथ आणि अस्थिर होती. याच मॉडेल ६७ वर केंब्रिजच्या मूठभर लोकांनी आपली प्रणाली चढवून सीपी-६७ तयार केली. एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीने ती १९६७ मध्येच स्वीकारली. १९६८ च्या आरंभी आयबीएमला टीएसएस मागे घेत असल्याचे सांगावे लागले आणि त्याच वर्षी सीपी-६७ ग्राहकांना देण्यात आली, पण कशी? ‘टाइप थ्री’ या वर्गात. म्हणजे कर्मचाऱ्यांनी लिहिलेला, कंपनीची कोणतीही हमी नसलेला, मूळ सांकेतिक लेखनासह दिलेला प्रोग्राम. दुरुस्ती ज्याची त्याने करावी.

हमी नाही पण मूळ लेखन हाती आहे, ही अट वरकरणी कमीपणाची दिसते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र हेच सीपी-६७ चे भाग्य ठरले. विद्यापीठे आणि प्रयोगशाळा यांनी तिच्यात सुधारणा केल्या, त्या एकमेकांना दिल्या आणि केंब्रिजलाही परत पाठविल्या. याच सुमारास नॅशनल सीएसएस आणि इंटरॅक्टिव्ह डेटा कॉर्पोरेशन या दोन कंपन्यांनी सीपी-६७ वरील आभासी यंत्रे दूरध्वनीच्या तारेवरून भाड्याने देण्याचा व्यवसाय सुरू केला. ग्राहकाच्या कचेरीत केवळ टर्मिनल, यंत्र शेकडो मैल दूर, पैसे वापराप्रमाणे. क्लाउड म्हणून आज जी नवलाई सांगितली जाते तिचे सर्व अवयव १९६८ मध्येच जुळून आले होते, हे विधान अतिशयोक्त म्हणता येणार नाही.

२ ऑगस्ट १९७२ रोजी आयबीएमने सिस्टिम/३७० मालिकेसाठी पत्ता-रूपांतर जाहीर केले आणि त्याबरोबर व्हीएम/३७० ही प्रणाली अधिकृतपणे बाजारात आली. तत्पूर्वी नव्या यंत्राचे हार्डवेअर हाती येण्याआधीच त्याची आभासी प्रत सीपी-६७ वर तयार करून तिच्यावर नव्या प्रणालींची चाचणी घेतली गेली होती. न जन्मलेल्या यंत्रावर काम करणे, ही आभासी यंत्राची शक्ती आयबीएमलाच प्रथम उपयोगी पडली, आणि तरीही कंपनीच्या अग्रक्रमात एमव्हीएस ही दुसरी प्रणाली कायम वरचढ राहिली. व्हीएम ही सावत्र अपत्यासारखी वाढली.

१९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी या तंत्राला सैद्धांतिक पाया दिला. नियंत्रक प्रोग्रामकडून त्यांची अपेक्षा तीन गोष्टींची होती. प्रतीवरील वर्तन मुळासारखेच असावे. बहुतेक आज्ञा प्रत्यक्ष प्रोसेसरवरच चालाव्यात, जेणेकरून वेग राहील. आणि साधनसामग्रीवरचे नियंत्रण शेवटी नियंत्रकाच्याच हाती असावे. यासाठीची पुरेशी अटही त्यांनी सांगितली. यंत्राची स्थिती पाहणारी किंवा बदलणारी प्रत्येक ‘संवेदनशील’ आज्ञा विशेषाधिकाराशिवाय चालविली तर ती अडली पाहिजे, म्हणजे नियंत्रकाला हस्तक्षेप करून योग्य ते उत्तर पुरविता येते. भाडेकरूने दिंडीदरवाजाला हात लावला की घंटा वाजली पाहिजे. ज्या प्रोसेसरमध्ये घंटा न वाजता दरवाजा उघडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे घंटाही वाजत नाही आणि दरवाजाही उघडत नाही, तेथे ही सरळ पद्धत चालत नाही. पंचवीस वर्षांनंतर या अटीचे महत्त्व अकस्मात वाढणार होते.

यंत्रांचे जाळे आणि माणसांचे

आभासी यंत्रे एकमेकांपासून अलग असतात. मग त्यांना बोलते कसे करावे, हा प्रश्न ओघाने आला. केंब्रिज केंद्रातील एडसन हेन्ड्रिक्स यांनी घडविलेल्या संदेशवहनाच्या सोयीतून आयबीएमचे व्हीनेट हे अंतर्गत जाळे उभे राहिले. सत्तरच्या दशकाअखेरीस ते अर्पानेटपेक्षाही मोठे होते. इंटरनेटच्या लोकप्रिय इतिहासात त्याचा उल्लेख मात्र क्वचितच सापडतो. याच सोयीवर १९८१ मध्ये न्यूयॉर्कचे सिटी विद्यापीठ आणि येल विद्यापीठ यांच्यात बिटनेटची पहिली जोडणी झाली व पुढे अनेक देशांतील विद्यापीठे तीत आली. व्हीएमच्या वापरकर्त्यांचे स्वतःचे चर्चापीठ, व्हीएमशेअर, टिमशेअर या कंपनीच्या यंत्रावर १९७६ पासून चालू होते. संगणकतज्ज्ञांनी संगणकाविषयीच संगणकावरून केलेल्या सलग चर्चेचा इतका जुना दस्तऐवज विरळाच.

अशा मोकळेपणाची दुसरी बाजू डिसेंबर १९८७ मध्ये दिसली. जर्मनीतील क्लाउस्थाल येथील एका विद्यार्थ्याने पडद्यावर नाताळचे झाड काढणारा एक छोटा प्रोग्राम मित्रांना पाठविला. तो चालविणाऱ्याच्या परिचितांच्या यादीतील प्रत्येकाकडे आपली प्रत धाडी. बिटनेटवरून तो व्हीनेटमध्ये शिरला आणि जाळे तुंबले. आभासी यंत्राच्या भिंती भक्कम होत्या. पण पत्र स्वतःच्या हाताने उघडणाऱ्या माणसापुढे भिंतीचा उपयोग नसतो.

त्याआधी, १९८३ मध्ये, आयबीएमने यापुढे प्रोग्रामचे मूळ लेखन न देता केवळ यंत्रभाषेतील रूप देण्याचे धोरण जाहीर केले होते. व्हीएमच्या समुदायात त्याविरुद्ध तीव्र असंतोष उसळला. पंधरा वर्षे ज्यांनी या प्रणालीतील दोष शोधले, सुधारणा सुचविल्या, तिला मालकाच्या उपेक्षेतून जगविले, त्यांच्यासाठी आता तिचे अंतरंग बंद होणार होते. कंपनीच्या बाजूने व्यापारी हक्काचा युक्तिवाद होता आणि कायद्याने तो चूक नव्हता. तथापि सहकार्यातून घडलेली वस्तू कोणाची, याचे उत्तर कायद्याच्या कलमात पूर्णपणे सापडत नाही, याची ही पहिली मोठी साक्ष म्हणावी लागेल.

भारतातील चित्र

या साऱ्या कालखंडात भारतात आभासी यंत्राचा अनुभव तुटपुंजाच राहिला. त्यामागील कारणे बौद्धिक नव्हती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा स्वदेशी संगणक १९६० मध्येच चालू झाला होता. म्हणजे संगणकविद्येचा आरंभ मुंबईत फार उशिरा झाला असे नाही. पण परकीय चलनाची चणचण, आयातीवरील निर्बंध आणि एकेका यंत्रामागे वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यांमुळे जे यंत्र मिळेल त्यावर भागवावे लागे. आयआयटी मद्रासमध्ये १९७३ मध्ये आयबीएम ३७०/१५५ आले. मूळ १५५ मध्ये पत्ता-रूपांतराची सोय नव्हती; ती वेगळा खर्च करून बसवावी लागे. आयआयटी मुंबईला सोव्हिएत सहकार्यातून ईसी-१०३० मिळाला. आयबीएम ३६० च्या धर्तीवर घडविलेले हे यंत्रही त्या सोयीवाचूनचेच होते. परकीय चलन नियमन कायद्याखालील भागभांडवलाच्या अटी मान्य न करता आयबीएमने १९७८ मध्ये भारतातून काढता पाय घेतला आणि तिच्या यंत्रांच्या देखभालीची जबाबदारी सीएमसी या सरकारी कंपनीवर आली. सोव्हिएत संघात पुढे व्हीएम/३७० ची प्रतिकृती बरीच लोकप्रिय झाली, हे पाहता टंचाईच्या देशांना या तंत्राची गरज अमेरिकेपेक्षा अधिक होती असे दिसते. गरज होती तेथे यंत्र नव्हते, हा या प्रकरणातील विरोधाभास.

वैयक्तिक संगणक आणि विस्मरण

१९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला आणि प्रत्येकाच्या टेबलावर स्वतंत्र यंत्र ठेवणे परवडू लागले. वाटून घेण्याची गरज संपली तशी वाटून घेण्याची विद्याही विस्मृतीत गेली. बँका आणि विमा कंपन्या यांच्या तळघरांतील मेनफ्रेमवर व्हीएम चालू होती; विद्यापीठांतील संशोधकांच्या दृष्टीने मात्र तो विषय संपलेला होता. १९९५ च्या जावा भाषेमुळे ‘व्हर्च्युअल मशिन’ हा शब्द पुन्हा कानी पडू लागला. परंतु तेथे अभिप्रेत असलेले यंत्र एका भाषेपुरते कल्पिलेले आहे, अस्तित्वातील यंत्राची ती प्रत नव्हे.

पुनरुज्जीवन झाले ते स्टॅनफर्ड विद्यापीठात. मेंडेल रोझेनब्लम यांच्यासह एडुआर्ड बुन्यों आणि स्कॉट डिव्हाइन यांनी १९९७ मध्ये ‘डिस्को’ या प्रकल्पाचा निबंध प्रसिद्ध केला. अनेक प्रोसेसरांच्या मोठ्या यंत्रासाठी नवी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्याऐवजी खाली नियंत्रकाचा पातळ थर घालावा आणि वर जुन्याच प्रणाली अनेक प्रतींत चालवाव्यात, अशी त्यांची मांडणी होती. व्हीएम/३७० चे ऋण त्यांनी लपविले नाही. १९९८ मध्ये डायान ग्रीन यांच्यासह त्यांनी व्हीएमवेअर ही कंपनी स्थापन केली व मे १९९९ मध्ये साध्या पीसीवर चालणारे आभासी यंत्र बाजारात आणले.

येथे पोपेक-गोल्डबर्ग यांची अट आडवी आली. इंटेलचा एक्स८६ प्रोसेसर ती पाळत नव्हता. रॉबिन आणि अर्व्हाइन यांनी २००० मध्ये पेंटियमच्या आज्ञासंचाची छाननी करून अशा १७ आज्ञा दाखवून दिल्या. उदाहरणार्थ, ‘पॉपएफ’ ही आज्ञा अधिकार नसताना चालविली तर ती व्यत्यय रोखण्याच्या खुणेत बदल करीत नाही आणि तसे सांगतही नाही. मुकाट्याने पुढे जाते. घंटाही नाही, दरवाजाही नाही. व्हीएमवेअरने यावर काढलेला तोडगा असा की आतील प्रणालीचा धोक्याचा भाग चालण्यापूर्वी वाचायचा, आडमुठ्या आज्ञा बदलायच्या आणि मगच तो प्रोसेसरकडे सोपवायचा. अशक्य मानले गेलेले काम अशा रीतीने भाषांतराच्या मार्गाने साधले. २००३ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या चमूने ‘झेन’द्वारे दुसरा मार्ग दाखविला. त्यांनी आतील प्रणालीतच किंचित बदल करून, तिला आपण भाडेकरू असल्याची कल्पना देऊन टाकली. एका केंब्रिजने आरंभिलेले काम दुसऱ्या केंब्रिजने पुढे न्यावे, हा निव्वळ योगायोग असला तरी लक्षात राहण्याजोगा आहे. अखेर २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच आवश्यक सोय केली. १९७४ च्या निबंधातील अट तीन दशकांनी सिलिकॉनमध्ये उतरली. त्यामुळे काम इतके सोपे झाले की अवी किव्हिटी यांनी लिहिलेले केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये थेट लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले.

हे सर्व पुन्हा हवेसे का झाले? कारण या वेळी प्रश्न टंचाईचा नसून विपुलतेचा होता. प्रत्येक कामासाठी वेगळा सर्व्हर घेण्याची रीत पडल्याने कार्यालयांत यंत्रांच्या रांगा लागल्या होत्या आणि त्यांतील बरीचशी बहुतेक वेळ रिकामी राहत होती. वीज, जागा आणि वातानुकूलन यांचा खर्च मात्र पूर्ण. म्हणून दहा यंत्रांचे काम एका यंत्रावर आणण्यात आले.

भाड्याचे यंत्र

२५ ऑगस्ट २००६ रोजी अ‍ॅमेझॉनने ‘इलॅस्टिक कॉम्प्युट क्लाउड’ ही सेवा चाचणीस्वरूपात खुली केली. तिची जडणघडण बव्हंशी दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे ख्रिस पिंकहॅम यांच्या छोट्या चमूने केली होती आणि तळाशी झेन होते. १.७ गिगाबाइट मेमरीचे यंत्र तासाला १० सेंट दराने मिळे. मुख्यालयापासून दूर बसलेल्या मोजक्या लोकांनी हे करावे, हे पुन्हा १९६४ ची आठवण करून देणारे आहे.

महाराष्ट्राचा या नकाशावर प्रत्यक्ष प्रवेश सप्टेंबर २०१५ मध्ये झाला, जेव्हा मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे आपली विदाकेंद्रे कार्यान्वित केली. जून २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनचे मुंबई केंद्र सुरू झाले. केंद्र सरकारचा ‘मेघराज’ हा शासकीय क्लाउड २०१४ मध्येच कार्यरत झाला होता. २०२० च्या टाळेबंदीत महाविद्यालयांचे अध्यापन आणि विद्यापीठांच्या परीक्षा ज्या गतीने ऑनलाइन झाल्या, ती गती या तळाशिवाय अशक्य होती. एका आठवड्यापुरती शेकडो यंत्रे उभी करून परीक्षा संपताच मोडून टाकणे, ही लोखंडी यंत्रांच्या बाबतीत कल्पनेतही न बसणारी गोष्ट होय.

भाडेकरूंमधील भिंतींबद्दलचा विश्वास मात्र जानेवारी २०१८ मध्ये डळमळला. मेल्टडाउन आणि स्पेक्टर या नावांनी प्रसिद्ध झालेल्या दोषांनी दाखवून दिले की, प्रोसेसर वेगासाठी पुढच्या आज्ञांचा अंदाज घेऊन जे काम आगाऊ करतो, त्याच्या पाऊलखुणांवरून परक्याच्या मेमरीतील मजकूर ताडता येतो. नियंत्रक प्रोग्राम निर्दोष असूनही ही फट राहते, कारण ती त्याच्याही खालच्या थरात आहे. पोपेक आणि गोल्डबर्ग यांच्या प्रतिमानात काळाच्या मोजमापाला स्थान नव्हते. १९७४ मध्ये ते असण्याचे कारणही नव्हते.

पुन्हा मालकीचा प्रश्न

२२ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअरचे संपादन पूर्ण केले. पाठोपाठ डिसेंबरमध्ये एकदाच पैसे भरून कायमचा परवाना घेण्याची पद्धत बंद करून केवळ वर्गणीची पद्धत ठेवण्यात आली. ज्या संस्थांनी आपली संपूर्ण संगणकव्यवस्था या एका उत्पादनावर रचली होती त्यांना अंदाजपत्रके नव्याने मांडावी लागली. १९८३ मध्ये प्रश्न अंतरंग पाहण्याच्या हक्काचा होता. २०२३ मध्ये तो विकत घेतलेली वस्तू आपली राहते की नाही, येथवर आला. दोन्ही प्रसंगी वापरकर्त्यांच्या हाती करार होता, नियंत्रण नव्हते. साधनसामग्रीवरचे अंतिम नियंत्रण नियंत्रकाकडेच असावे, ही पोपेक-गोल्डबर्ग यांची तिसरी अट तांत्रिक अर्थाने लिहिलेली आहे; व्यवहारात तिचा दुसरा अर्थही खरा ठरला.

महाविद्यालयांपुरते बोलायचे तर केव्हीएम सर्वांना मूळ लेखनासह खुले आहे आणि आठ-दहा वर्षे जुन्या सर्व्हरवरही चालते. तरीही अनेक ठिकाणी प्रयोगशाळेचा अनुभव परक्या संकेतस्थळावर खाते उघडून बटणे दाबण्यापुरता मर्यादित राहतो. विद्यार्थी यंत्र ‘घेतो’, ते बनते कसे हे पाहत नाही. मनुष्यबळाची वानवा, रिक्त पदे आणि विजेची अनिश्चितता ही कारणे खरी आहेत. पण पाहण्याची सोय नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. रॉजर बाउलर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘हर्क्युलिस’ या मुक्त प्रोग्रामद्वारे सिस्टिम/३७० चे अनुकरण साध्या लॅपटॉपवर करता येते, आणि व्हीएम/३७० ची जुनी आवृत्ती मूळ लेखनासह आजही उपलब्ध आहे. तिच्यात सीएमएस सुरू करून टर्मिनलवर पहिली आज्ञा देता येते. आणि इच्छा असल्यास, १९७२ प्रमाणेच, त्या व्हीएम/३७० च्या पोटात दुसरी व्हीएम/३७० चालविता येते.